मोहरी गाडली, ट्रायकोडर्माही दिला, तरी हरभरा का बसतो?

“काका, मोहरी गाडली, ट्रायकोडर्मा टाकला, दोन्हींचे पैसे गेले आणि हरभरा त्याच जागी पुन्हा वाळला.” घर इंदुरात, शेती सांवेर, देपालपूर, हातोद किंवा महूकडे आणि ती बटाईने दिलेली, अशा आपल्या मंडळींकडून रब्बीत मला हे वाक्य हमखास ऐकायला मिळतं. कोणाचं रोप पंधरवड्यातच मान टाकतं, कोणाचं घाटे भरताना. पुढचा निष्कर्ष मात्र सगळ्यांचा एकच: हे जैविक उपाय कागदावरच ठीक.

मला हे पटत नाही. मोहरी वर्गातल्या वनस्पती आणि ट्रायकोडर्मासारखी मित्रबुरशी या जोडीमागे भक्कम शास्त्र आहे. फक्त दोघांचे स्वभाव अगदी वेगळे आहेत. मोहरीचं काम, म्हणजे पेशी फुटल्यावर सुटणाऱ्या वायूने रोगाची बुरशी मारणं, काही तासांत सुरू होऊन काही दिवसांत संपतं. ट्रायकोडर्मा जिवंत आहे. त्याला खायला लागतं, ओल लागते आणि जमिनीत पसरायला आठवडे लागतात. आधी कोण, नंतर कोण आणि मध्ये किती दिवस, हे चुकलं की दोन्ही वाया जातात. कधी कधी तर रोग वाढतो. खाली मी ज्या क्रमाने तपासतो त्याच क्रमाने लिहितो आहे.

मेलेलं रोप आधी उपटून पाहा

गावात शेतात काहीही वाळलं की ‘उकठा आला’ म्हणतात. पण हरभऱ्याला मारणारे जमिनीतले रोग निदान तीन आहेत आणि तिघांवरचा इलाज सारखा नाही.

पहिला खरा मर रोग, फ्युजेरियमचा. पानांचे देठ खाली झुकतात, रोप मरगळतं, पण उपटलं तर मुळं बाहेरून बऱ्यापैकी धड दिसतात. ब्लेडने खोड आणि मुळाचा वरचा भाग उभा चिरा. आत मधोमध तपकिरी-काळी रेघ दिसली तर मरच. ही बुरशी पाणी वर नेणाऱ्या नळ्यांमध्येच घर करते. हरभरा नसला तरी ती मातीत सहा वर्षांपर्यंत टिकते, म्हणून एक-दोन वर्षं पीक बदलून ती जात नाही.

दुसरा मानकूज. रोपं लहान असताना, साधारण पहिल्या दीड महिन्यात येतो. रोप पिवळं पडतं, जमिनीलगतची मान कुजते, त्यावर पांढरे धागे आणि मोहरीच्या दाण्याएवढ्या तपकिरी गोळ्या दिसतात. या गोळ्या म्हणजे स्क्लेरोशियम बुरशीची साठवण. सोयाबीनलाही हीच बुरशी लागते, म्हणजे आपल्या माळव्यात तिला वर्षभर जेवण आहे.

तिसरा कोरडी मूळकूज. फुलोऱ्यानंतर, जमीन सुकू लागते आणि दिवसाचं तापमान तिशीच्या वर जातं तेव्हा येतो. रोप वाळक्या गवतासारखं पिवळसर होतं. उपटायला गेलं तर सोटमूळ कटकन तुटतं, बारीक मुळं झडून गेलेली असतात आणि सालीखाली काळी पूड दिसते. ही मॅक्रोफोमिना. सोयाबीनमध्ये जी खोड-मुळांची काळी कूज येते, तीही हिचीच.

पाच-सहा ठिकाणची रोपं तपासा, एकाच रोपावरून ठरवू नका. एका शेतात दोन रोग बरोबरीने असणं अगदी नेहमीचं आहे. हा तपास टाळू नका, कारण मोहरीच्या वायूला सगळ्या बुरशा सारखी दाद देत नाहीत. पिथियम आणि रायझोक्टोनिया लवकर नमतात. फ्युजेरियम चिवट आहे; त्याचे जाड भिंतीचे बीजाणू बरंच सोसतात. तुमच्याकडे मुख्यतः मर असेल तर या जोडीने तो कमी होईल, पण तेवढ्यावर भागणार नाही. त्याबद्दल पुढे लिहितो.

मोहरीत वायू तयार झाला का?

मोहरीच्या कोरड्या दाण्याला वास नसतो. तोच दाणा पाणी घालून फेसला की नाकात झणका जातो. लोणच्याला मोहरी फेसताना आपण जे करतो, तेच शेतात व्हायला हवं असतं. मोहरीच्या पेशींमध्ये ग्लुकोसिनोलेट नावाची गंधकयुक्त द्रव्यं एका कप्प्यात असतात आणि मायरोसिनेज हे एन्झाइम दुसऱ्या कप्प्यात. पेशी फुटली आणि पाणी मिळालं की दोघं भेटतात आणि आयसोथायोसायनेट हे वायुरूप द्रव्य तयार होतं. नाकाला झोंबतं ते हेच आणि बुरशीला मारतं तेही हेच. फोडणीत तडतडलेल्या मोहरीला हा झणका नसतो, कारण उष्णतेने एन्झाइम मेलेलं असतं. या एवढ्या माहितीत निम्म्या तक्रारींची उत्तरं आहेत.

माळव्यात बहुतेक जण मोहरीचं पीक गाडत नाहीत, पेंड टाकतात. ही पेंड वरून, मुरैना-ग्वाल्हेरच्या पट्ट्यातून येते आणि ती कशी काढली आहे हे पोत्यावर लिहिलेलं नसतं. सॉल्व्हंट लावून, नंतर वाफेने तापवून काढलेल्या पेंडीत एन्झाइम उरत नाही. जास्त तापणाऱ्या एक्स्पेलरचीही तीच गत. कच्च्या घाणीची पेंड त्या मानाने चांगली, पण घाणीत पाणी शिंपडून मोहरी दळतात, तेव्हा थोडा झणका तिथेच निघून गेलेला असतो. म्हणून नावावर जाऊ नका, प्रत्येक पोतं तपासा. वाटीत दोन चमचे पेंड घ्या, कोमट पाण्यात कालवा, वर झाकण ठेवा. १०-१५ मिनिटांनी झाकण उघडून वास घ्या. नाकात झणका गेला तर पेंड कामाची. नुसता तेलकट, पेंडीचा वास आला तर ते खत आहे, रोगनियंत्रण नाही. अशी पेंड घरात येऊन पडलीच असेल तर तिच्यात थोडी कच्ची मोहरी भरडून मिसळा आणि पुन्हा वाटीची परीक्षा घ्या. कच्च्या मोहरीतलं एन्झाइम पेंडीतल्या द्रव्यांवरही काम करतं. मोहरी भरडलेलीच हवी, नाहीतर सगळ्या शेतात मोहरी उगवेल.

अलीकडे ‘डबल झिरो’ मोहरीचे वाण आले आहेत. त्यांच्या दाण्यात ग्लुकोसिनोलेट मुद्दाम कमी केलेलं असतं, म्हणजे जनावरांना पेंड सोसावी. जनावरांसाठी उत्तम, पण या कामासाठी ती पेंड घेऊ नका.

हिरवी मोहरी गाडणाऱ्यांच्या अडचणी निराळ्या. दाणे भरल्यावर, खोड लाकडासारखं झाल्यावर गाडलेली मोहरी फार काही करत नाही. फुलोरा सुरू होतो तेव्हा गाडायची. आणि ती कापून दोन दिवस सुकू देऊ नका. तुकडे होताच वायू निघू लागतो, पहिल्या काही तासांतच सर्वात जास्त. सकाळी कापून संध्याकाळी नांगरलं तर बराचसा वायू हवेत गेलेला असतो. पुढे चारा बारीक करणारं यंत्र, लगेच मागे रोटाव्हेटर, त्याच्यामागे पाटा आणि लगेच फवाऱ्याचं हलकं पाणी, अशी सलग रांग लागली पाहिजे. रोटाव्हेटर चालवणाऱ्याचे डोळे चुरचुरले तर काम नीट चाललं आहे असं समजा. त्याला मास्क आणि चष्मा द्या, दम्याचा त्रास असलेल्या माणसाला या कामावर लावू नका. पॉलिहाऊसमध्ये करत असाल तर काम संपताच बाहेर या आणि पुन्हा आत जाण्याआधी पडदे उघडून हवा खेळू द्या.

किती मोहरी हवी? एक चौरस मीटर कापून वजन करा. ४ ते ५ किलो हिरवा पाला भरला तर छान. दोन किलोच्या खाली असेल तर त्यावर विसंबू नका, पेंडीची जोड द्या. बी दाट पेरा, धान्यासाठी हेक्टरी ४-५ किलो टाकतो त्याच्या दुप्पट. गंधकही द्या, कारण ही सगळी द्रव्यं गंधकापासूनच बनतात. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये सुमारे ११ टक्के गंधक असतं, ते पेरतानाच दिलं की स्फुरद आणि गंधक दोन्ही मिळतात. नुसत्या डीएपी खतावर काढलेल्या मोहरीला गंधक मिळत नाही.

काळ्या मातीचा हट्ट

वायू तयार झाला, पण तो जमिनीत थांबला का? आपली काळी माती इथे दोन टोकांना जाते. सुकली की भेगा पडतात आणि वायू त्या भेगांतून सरळ वर निघून जातो. पाणी जास्त झालं की चिखल होतो, हवा खेळत नाही आणि वायू जिथे तयार झाला तिथेच अडकतो. मोठाल्या ढेकळांच्या आत तर तो पोचतच नाही, आणि रोगाची बुरशी ढेकळात सुरक्षित बसलेली असते. म्हणून वाफसा असताना, माती भुसभुशीत करून, वरच्या १०-१५ सेंटीमीटरमध्येच मिसळायचं. खोल नांगरून गाडलेली मोहरी पातळ होऊन जाते आणि हरभऱ्याची मान जिथे कुजते त्या थराला काहीच मिळत नाही. मिसळल्यावर पाटा मारून वरचा थर दाबा आणि हलकं पाणी द्या; ओला, दाबलेला थर झाकणाचं काम करतो. रोगाचे पट्टे लहान असतील तर प्लास्टिकचा कागदच अंथरा, त्याला तोड नाही.

पूर्ण शेताला पेंड टाकणं परवडत नाही आणि बहुतेक वेळा गरजही नसते. रोग ठिपक्यांनी येतो. मागच्या हंगामात जिथे मरला तिथे खुंट्या रोवून ठेवल्या असतील तर तेवढंच करा, चारही बाजूंनी दोन-तीन मीटर जास्त धरून. चौरस मीटरला १०० ते २०० ग्रॅम पेंड, म्हणजे १० बाय १० मीटरच्या ठिपक्याला १० ते २० किलो. एक हिशोब मात्र विसरू नका. मोहरीच्या पेंडीत सुमारे ५ टक्के नत्र असतं. हेक्टरी टनभर पेंड म्हणजे ५० किलो नत्र, आणि हरभऱ्याला पेरताना लागतं २० किलोच्या आसपास. जिथे पेंड टाकली तिथे वरून आणखी नत्र दिलं तर हरभरा नुसता पाल्यावर जातो, मुळांवर गाठी कमी धरतात आणि घाटे रुसतात.

सोयाबीननंतर वेळ कुठून काढायचा?

आमच्याकडचा खरा पेच हा आहे. मोहरी पेरून फुलोऱ्यावर आणायला ४५-५० दिवस लागतात. सोयाबीन निघाल्यावर हरभऱ्याच्या पेरणीआधी एवढे दिवस नसतात, म्हणून सोयाबीन-हरभरा फेरपालटात हिरवी मोहरी बसत नाही. पेंड बसते. जेएस ९५-६० किंवा जेएस २०-३४ सारखं लवकर निघणारं सोयाबीन असेल तर सप्टेंबरअखेर शेत मोकळं होतं. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, जमिनीत पावसाची ओल असतानाच पेंड मिसळा. ओल गेली असेल तर पलेवा (पेरणीआधीचं पाणी) करून वाफसा येऊ द्या, मग मिसळा. आठ-दहा दिवस शेताला हात लावू नका. नंतर हलकी वखरणी करून उरलासुरला वायू उडू द्या, तेव्हाच ट्रायकोडर्माचं खत द्या आणि पुढच्या सात-आठ दिवसांनी पेरा. अशा रीतीने ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात पेरणी होते आणि ती हरभऱ्याला उशिराची नाही.

हिरवी मोहरी ज्यांना गाडायची आहे त्यांनी खरिपात पडीक ठेवलेला तुकडा निवडावा. बटाट्यासाठी किंवा लसणासाठी असे तुकडे बरेच जण राखतात. पावसाचा जोर ओसरल्यावर ऑगस्टअखेर मोहरी पेरली तर ऑक्टोबरच्या मध्यावर ती फुलोऱ्यात येते. बटाट्यावरच्या काळ्या खवल्यांची बुरशी, रायझोक्टोनिया, या वायूला हरभऱ्याच्या मरपेक्षा लवकर दाद देते, त्यामुळे बटाटेवाल्यांना याचा लाभ अधिक दिसतो.

आणि तिसरी वाट उन्हाळ्याची, जी मला माळव्यासाठी फार मोलाची वाटते. गहू किंवा लसूण निघाल्यावर एप्रिल-मेमध्ये शेत रिकामंच असतं. जोधपूरच्या केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी मोहरीचा काडीकचरा जमिनीत मिसळून, उन्हाळ्यात एक पाणी देऊन मॅक्रोफोमिना कमी करण्यावर काम केलं आहे. त्यामागचा विचार सरळ आहे. ओल्या, तापलेल्या मातीत बुरशीच्या गोळ्या आधीच अशक्त होतात आणि मग एरवी ज्या मात्रेने त्यांना काही झालं नसतं, तेवढाच वायू पुरतो. वरून पारदर्शक प्लास्टिक चार ते सहा आठवडे अंथरता आलं तर परिणाम आणखी खोल जातो. कोरडी मूळकूज आणि सोयाबीनची काळी कूज ज्यांचा मुख्य त्रास आहे, त्यांनी ऑक्टोबरच्या धावपळीपेक्षा हे करावं. फक्त ट्रायकोडर्मा त्या वेळी देऊ नका. मेच्या तापलेल्या, पुढे सुकणाऱ्या मातीत तो टिकत नाही. पाऊस पडल्यावर सोयाबीनच्या बियाण्याला लावून द्या.

ट्रायकोडर्मा मोहरीबरोबरच का टाकू नये?

हा प्रश्न रास्त आहे, कारण ट्रायकोडर्मा या वायूला बऱ्याच रोगबुरशांपेक्षा जास्त सोसतो. जोडी जुळते ती त्यामुळेच. वायूने पिथियम, रायझोक्टोनिया मागे पडतात, जमिनीत जागा मोकळी होते, वर कुजणारा मोहरीचा पाला म्हणजे आयतं अन्न, आणि अशा वेळी जो आधी पोचेल त्याची जमीन होते. पण सोसतो म्हणजे त्याला काहीच होत नाही असं नाही. वायूच्या भरात त्याची वाढ थांबते. पाकिटातून नुकताच निघालेला, झोपेत असलेला ट्रायकोडर्मा थेट त्या वायूत टाकला तर आपली तुकडी पोचायच्या आधीच गारठते. आठ-दहा दिवस थांबून, खतावर वाढवून, जागा झालेला दिला की तो लगेच पसरतो.

मी तर सांगतो, ज्या दिवशी शेतात पेंड मिसळाल त्याच दिवशी घरी ट्रायकोडर्मा भिजवायला घ्या, दोघांची तारीख आपोआप जुळते. १०० किलो चांगलं कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट, त्यात १ किलो ट्रायकोडर्मा. मुठीत दाबलं तर गोळा व्हावा पण पाणी गळू नये इतकी ओल. सावलीत ढीग करा, वर ओलं गोणपाट टाका, तीन-चार दिवसांनी वर-खाली करा. दहा-बारा दिवसांत आधी पांढरी, मग हिरवी वाढ दिसते. हेक्टरी अडीच किलो ट्रायकोडर्मा पुरतो, म्हणजे असं अडीच क्विंटल खत. संध्याकाळी पसरा आणि लगेच मातीआड करा. दुपारच्या उन्हात जमिनीवर उघडं पडलेलं खत म्हणजे मेहनत गेली.

खत कुजलेलंच हवं, हे पुन्हा सांगतो. ताज्या शेणाचा ढीग आतून ५०-६० अंशांपर्यंत तापतो आणि त्यात ट्रायकोडर्मा मरतो. इंदूरकरांना कंपोस्ट शिकवायची वेळ येऊ नये असं मला मनापासून वाटतं. १९२४ ते १९३१ या काळात अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी याच शहरात, आज जिथे कृषी महाविद्यालय आहे तिथे, पालापाचोळा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर लावून, वर-खाली करून सुमारे तीन महिन्यांत कंपोस्ट तयार करण्याची रीत बसवली. जगभर ती ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते. तसं थंड झालेलं, काळं, मातीचा वास येणारं खत ट्रायकोडर्माला सगळ्यात जास्त मानवतं.

पाकीट जिवंत आहे का? लेबलवर ग्रॅममागे निदान २×१०^६ सीएफयू, म्हणजे बुरशीचे वीस लाख जिवंत घटक, लिहिलेले असतात. उत्पादनाची आणि मुदतीची तारीख वाचा. दुकानाच्या पत्र्याखाली उन्हाळाभर पडलेलं पाकीट मुदतीत असलं तरी घेऊ नका. घरी पाहायचं असेल तर उकडलेल्या, गार झालेल्या भातावर चिमूटभर पूड भुरभुरा, स्वच्छ भांड्यात झाकून ठेवा. चार-पाच दिवसांत पांढरी वाढ येऊन ती हिरवी होऊ लागली तर पूड जिवंत आहे. काही ट्रायकोडर्मांना ओल्या नारळासारखा गोड वासही येतो. भातावर दुसऱ्या हिरव्या बुरशाही येतात, म्हणून पूड न टाकलेली एक वाटी शेजारी ठेवा आणि दोन्हींची तुलना करा. काहीच उगवलं नाही, तर मात्र पाकीट मेलेलं आहे यात शंका नको.

उगवल्या उगवल्या रोपं जास्त मरली तर

“मोहरी गाडली नव्हती त्या तुकड्यात कमी मर, गाडली तिथे जास्त” ही तक्रार खरी असू शकते. दोन कारणं. अर्धवट कुजलेला हिरवा पाला ही मानकुजीच्या बुरशीची आवडती गादी आहे, पिथियमलाही ताजा पाला आवडतो. वायू ओसरल्यावर पाला कुजायच्या आत पेरलं तर आपण रोगालाच जेवण वाढलं. दुसरं म्हणजे उरलेला वायू कोवळ्या मुळांनाही जाळतो. डॉलर चना लावणाऱ्यांनी इथे विशेष जपावं, काबुली दाण्याची साल पातळ असते आणि तो मातीत देशीपेक्षा लवकर सडतो.

याला सोपी परीक्षा आहे. झाकणाच्या दोन बरण्या घ्या. एकीत प्रक्रिया केलेल्या जागेची ओली माती, दुसरीत न केलेल्या जागेची. दोन्हींवर ओल्या कापसावर अळीव पेरा आणि झाकण घट्ट लावा. अळीव दोन-तीन दिवसांत उगवतो. दोन्हीकडे सारखा उगवला तर वायू गेला. पहिल्या बरणीत खुरटला, तर अजून आठवडाभर थांबा आणि एकदा वखर फिरवा. पाला कुजला की नाही हे मात्र डोळ्यांनीच पाहायचं. मुठीत माती घेतली आणि हिरवे, बुळबुळीत तुकडे दिसले, तर पेरू नका.

बियाण्यावर काय लावलं?

पुष्कळदा सगळं नीट केलेलं असतं आणि शेवटी बियाण्याला कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक चोळलेलं असतं. कार्बेन्डाझिम ट्रायकोडर्माला मारतं. बियाण्यावर ते आणि जमिनीत ट्रायकोडर्मा म्हणजे एका हाताने लावायचं आणि दुसऱ्याने उपटायचं. हरभऱ्यासाठी किलोमागे ४ ग्रॅम ट्रायकोडर्मा आणि १ ग्रॅम कार्बोक्सिन ही जोडी वापरतात, कार्बोक्सिन त्याला तेवढं मारक नाही. बाजारातून आधीच रंगवलेलं बियाणं आणत असाल तर त्यावर काय चोळलं आहे ते लेबलवर वाचा.

रायझोबियम, म्हणजे मुळांवर नत्राच्या गाठी धरवणारे जिवाणू, शेवटी, पेरणीच्या दिवशी लावा. मोहरीच्या वायूने जमिनीतले उपयोगी जिवाणूही काही काळ मागे पडतात, त्यामुळे गेल्या वर्षीच्या गाठींवर भिस्त ठेवू नका. तसंच मोहरी वर्गातल्या वनस्पतींच्या मुळांशी मायकोरायझा ही मित्रबुरशी नातं जोडत नाही. मोहरीचं उभं पीक घेऊन गाडलं असेल तर मायकोरायझा जमिनीत कमी झालेली असते आणि हरभऱ्याला स्फुरद उचलायला तिचीच मदत लागते. अशा तुकड्यात पेरताना स्फुरद विरघळवणारे जिवाणू आणि मायकोरायझा द्यावी असं माझं मत आहे. पेंड टाकणाऱ्यांना ही चिंता कमी.

एवढं करूनही मर आली तर

चिरलेल्या खोडात काळी रेघ असेल, म्हणजे फ्युजेरियम असेल, तर वाण बदला. मोहरी आणि ट्रायकोडर्मा जमिनीतला भार कमी करतात. मरला बळी पडणारा वाण त्या उरलेल्या भारानेही मरतो. जेजी ११, जेजी १३०, जाकी ९२१८ किंवा राहुरीचा विजय यांच्यात मरचा प्रतिकार आहे. एखादा प्रतिकारक वाण तुमच्या शेजाऱ्याकडे टिकला आणि तुमच्याकडे नाही, तर नवल मानू नका. या बुरशीच्या निरनिराळ्या जाती आहेत. हावरे आणि नेने या शास्त्रज्ञांनी १९८२ मध्येच हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या शेती संशोधन संस्थेत भारतातल्या चार जाती वेगळ्या करून दाखवल्या होत्या. म्हणून दोन वाण शेजारी-शेजारी लावून स्वतःच्या जमिनीत पाहावेत. शंका असेल तर मेलेली रोपं मुळांसकट, मातीसह कागदी पिशवीत घालून कस्तूरबाग्रामच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी महाविद्यालयात दाखवा. प्लास्टिकच्या पिशवीत नेऊ नका, वाटेतच सडतात.

आणि प्रत्येक ठिपक्यात एक पट्टा कोरा सोडा. पेंड नाही, ट्रायकोडर्मा नाही, बाकी सगळं सारखं. महिन्याने, फुलोऱ्यात आणि घाटे भरताना दोन्हीकडे १० मीटर ओळीतली मेलेली रोपं मोजा. बटाईदाराला हे काम आवर्जून समजावून सांगा, कारण तोच रोज शेतावर असतो. कोरा पट्टा नसेल तर उपाय लागू पडला की यंदा थंडीच चांगली पडली, हे कधीच कळत नाही.

ज्यांच्या शेतात फुलकोबी, पानकोबी किंवा मुळा फिरतो, त्यांनी मात्र हा मार्ग धरू नये. मोहरी त्याच कुळातली आहे आणि त्यांचे रोग ती स्वतःवर पोसते. तसंच गाडायच्या मोहरीत खोडावर कापसासारखी पांढरी बुरशी आणि आत उंदराच्या लेंडीसारख्या काळ्या गाठी दिसल्या, तर ती स्क्लेरोटिनिया आहे. ती हरभऱ्यालाही लागते. अशी झाडं गाडण्याआधी उपटून शेताबाहेर नेऊन जाळा, मगच रोटाव्हेटर आणा.